चौथं वर्ष: जांबोटी भागातल्या एका अर्जाचं प्रकरण

ऑगस्ट २०२३. दोन दिवस पावसानं उसंत दिली नव्हती आणि बाप-लेक जांबोटीकडची बस पकडून बेळगावातल्या शहापुरात आमच्या घरी आले ते गुडघ्यापर्यंत भिजून. वडिलांनी सदऱ्याच्या आतून प्लास्टिकची पिशवी काढली आणि पिशवीतून एक छापील कागद. बेळगावातल्या कुठल्याशा कन्सल्टन्सीचा. अमेरिकेतलं दोन वर्षांचं एमएस, फी, राहणं, जेवण, विमान, सगळं मिळून ४८ लाख. त्याखाली पेनानं गोल केलेला आणखी एक आकडा, 'आमची सेवा'. वडील म्हणाले, "सर, आमची सगळी जमीन विकली तरी एवढं येत नाही. खरंच एवढं लागतंय काय?"

मुलगी गप्प होती. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग खानापूरला पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स आणि आता बेळगावात बी.एस्सी.चं पाचवं सेमिस्टर, वनस्पतीशास्त्र आणि प्राणीशास्त्र घेऊन. निघताना "मी येतो सर" म्हणाली. आमच्याकडे बायका 'येतो, जातो'च म्हणतात, पुण्याच्या लोकांना ते ऐकून हसू येतं.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो. रविवारी परदेशी जाणाऱ्या मुलांचे फॉर्म बघून देतो, वर्षाला पाच-सहा जणांचे, पैसे न घेता. बहुतेक इंजिनिअरिंगची मुलं. त्यांची वाट मळलेली आहे: चार वर्षांचं बीई, बँकेचं कर्ज, एमएस. साधी बी.एस्सी. घेऊन आलेली ही पहिलीच. पुढच्या दोन वर्षांत मी जे शिकलो त्यातलं बरंचसं तिच्या खर्चानं शिकलो, म्हणून हे प्रकरण लिहून ठेवतोय. नावं कुणाचीच देत नाही.

माझा पहिला सल्ला

तो चुकीचा होता. मी म्हटलं, तुझा फर्स्ट क्लास आहे, कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची तुझ्या कॉलेजला 'ए' श्रेणी आहे, तीन वर्षांची डिग्री चालून जाईल. हे मी हवेतून काढलेलं नव्हतं. परदेशी पदव्या तपासून देणारी वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस ही संस्था अशा कॉलेजातली चांगल्या गुणांची तीन वर्षांची भारतीय डिग्री अमेरिकन बॅचलरच्या बरोबरीची धरते, हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते असं, की तो शेरा विद्यापीठावर बंधनकारक नसतो. प्रवेशाचा नियम प्रत्येक विद्यापीठाचं ग्रॅज्युएट स्कूल (पदव्युत्तर विभाग) स्वतः ठरवतं, आणि पुष्कळ ठिकाणी सरळ लिहिलेलं असतं: शालेय शिक्षण धरून सोळा वर्षं. आमची बारा अधिक तीन होतात पंधरा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही नऊ विद्यापीठांना दोन ओळींची ईमेल पाठवली. तीन वर्षांची डिग्री आहे, अर्ज करता येईल का? पाचांनी नाही म्हटलं, दोघांनी 'प्रकरण बघून ठरवू', दोघांनी उत्तरच दिलं नाही. ही ईमेल सहा महिने आधी गेली असती तर मुलीची एवढी घालमेल झाली नसती. आता माझ्याकडे कुणी आलं की विद्यापीठांची यादी काढायच्या आधी मी हा प्रश्न पाठवायला लावतो.

सुदैवानं तिची बॅच २०२१ची. कर्नाटकात त्या वर्षापासून नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे चार वर्षांची ऑनर्स डिग्री सुरू झाली होती, तिसऱ्या वर्षानंतर बाहेर पडायची मुभा ठेवून. जवळजवळ सगळे बाहेर पडायच्याच तयारीत. त्यात मे २०२४ मध्ये सरकारनं ते धोरण गुंडाळलं आणि डिग्री परत तीन वर्षांची केली. ज्यांनी आधी प्रवेश घेतला होता त्यांना मात्र चौथं वर्ष करायची वाट मोकळी ठेवली. तिच्या कॉलेजात त्या वर्षाला सात जण उरले. वडिलांना गावात लोक विचारायचे, सरकारनंच बंद केलेलं वर्ष ही पोरगी कशाला शिकतीय?

ते वर्ष कशासाठी वापरलं

इथे कन्सल्टन्सीबद्दल एक स्पष्ट लिहायला हवं. ती माणसं वाईट नव्हती. पण अमेरिकेतली अनेक विद्यापीठं परदेशी मुलं आणणाऱ्या एजंटांना प्रवेशामागे कमिशन देतात. स्वतःच्या देशातल्या मुलांच्या बाबतीत असं करायला तिथल्या कायद्यानं १९९२ पासून बंदी आहे, परदेशी मुलांना त्यातून वगळलंय. मग एजंट कुठला कोर्स सुचवणार? ज्यात मुलगा पूर्ण फी भरतो तो. ज्यात विद्यापीठच फी माफ करून वर महिन्याला पैसे देतं, त्या संशोधनाच्या जागा कुणी विकत नाही, म्हणून त्या बेळगावात कुणाला माहीतही नसतात. खडे बाजारातून टिळकवाडीपर्यंत जितके फलक दिसतात त्यातल्या एकावरही 'असिस्टंटशिप' हा शब्द मी वाचलेला नाही. अमेरिकन सरकारच्या एज्युकेशनयूएसए या विभागाकडून ही माहिती फुकट मिळते, ऑनलाइन सुद्धा.

ऑनर्सच्या वर्षात प्रोजेक्ट असतो. तिनं विषय घेतला भातावरचा करपा. घरचाच रोग. आमच्या खानापूर तालुक्यात ढग, धुकं आणि भात हे तिन्ही एकत्र नांदतात, म्हणजे करप्याला आमंत्रणच. सप्टेंबरात तिनं वडिलांच्या आणि शेजारच्या चार शेतांतून पानं आणली. एक पान तिनं माझ्या टेबलावर ठेवलं: डोळ्याच्या आकाराचा डाग, दोन्ही टोकं निमुळती, मध्ये राखेचा रंग आणि कडेला तपकिरी रेघ. मला तर ते वाळलेलं पान वाटलं असतं. "सर, ह्यो डाग असा टोकाला बारीक होतो न्हवं, त्याच्यावरनंच वळखायचं." मग ओटच्या पिठाच्या माध्यमावर बुरशी वाढवणं, सूक्ष्मदर्शकाखाली तिचे पेअर फळासारखे, तीन कप्प्यांचे बीजाणू मोजणं. लाईट गेली की लॅबचं तापमान बिघडायचं. एकदा आख्खा संच हिरव्या बुरशीनं खाल्ला आणि ती तीन आठवडे मागे गेली. ते तीन आठवडे पुढे तिच्या अर्जात आले, कारण दुसऱ्यांदा तिनं काय बदललं हे तिला नेमकं सांगता येत होतं.

कन्सल्टन्सीनं नमुना म्हणून दिलेलं एक स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणारा निबंध, तिच्याकडे होतं. 'लहानपणापासून मला निसर्गाची ओढ होती' अशी सुरुवात. मी तिला एवढंच विचारलं, लहानपणी तुला कशाची ओढ होती? म्हणाली, "झोपायची." तो कागद तिथेच संपला. नवीन मसुदा तिनं मराठीत लिहिला, मग स्वतः इंग्रजीत केला, आणि मी फक्त व्याकरण बघितलं. दोन वाक्यं मला अजूनही ओबडधोबड वाटतात. मी ती तशीच ठेवली.

प्राध्यापकांना ईमेल लिहिणं जास्त महत्त्वाचं होतं. संशोधनाच्या प्रवेशात समितीच्या आधी एखादा प्राध्यापक 'हिला मी घेतो' म्हणायला लागतो. 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी मच इंटरेस्टेड' छापाची पत्रं त्यांना रोज ढिगानं येतात. तिनं चार ओळीत लिहिलं: मी काय करते, पाच शेतांतल्या नमुन्यांत मला काय वेगळं दिसलं, तुमच्या कामातल्या कुठल्या गोष्टीशी त्याचा संबंध लागतो, येत्या वर्षी तुमच्याकडे जागा आहे का. बावीस ईमेल गेल्या, सहा उत्तरं आली. त्यातले तीन प्राध्यापक व्हिडिओ कॉलवर बोलले. गावात रेंज नाही, म्हणून रात्री साडेनवाचे कॉल आमच्या माडीवर.

शिफारसपत्रं

तीन लागतात. आमच्याकडची रीत अशी की सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." यात त्यांना प्रेमच दाखवायचं असतं. पण तिन्ही पत्रांची भाषा एकाच हाताची असली की वाचणाऱ्याला ते कळतं, आणि शिवाय ते खोटं आहे. मी तिला सांगितलं, पत्र लिहून नेऊ नकोस, आठवणींचा एक कागद ने. कुठल्या प्रॅक्टिकलला काय झालं, कुठला प्रश्न तू विचारलास, कुठे चुकलीस. तिच्या वनस्पतीशास्त्राच्या मॅडमनी तो कागद वाचून हिरव्या बुरशीचा प्रसंग स्वतःच्या शब्दांत लिहिला. दुसऱ्या एका सरांचं पत्र 'सिन्सिअर, ओबिडिअंट अँड पंक्चुअल' इथवरच थांबलं. चालायचंच. तिसरे कोल्हापूरचे, ज्यांच्याकडे तिनं उन्हाळ्यात सहा आठवडे काम केलं होतं. त्यांना विद्यापीठाकडून लिंक गेली ती स्पॅममध्ये पडली आणि शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री सापडली.

फॉर्ममध्ये एक चौकट असते: हे पत्र पुढे बघण्याचा माझा हक्क मी सोडते. १९७४च्या तिथल्या कायद्यानं विद्यार्थ्याला तो हक्क दिलेला आहे. ती म्हणाली, हक्क सोडायचा कशाला? आमच्या भागात हक्क हा शब्द जपून वापरतात, त्यामुळे तिचं बरोबर होतं. पण सोडला नाही तर वाचणाऱ्याला वाटतं, सरांनी मोकळेपणानं लिहिलं नसेल. तिनं खूण केली, नाराजीनं.

नाव

सगळ्यात जास्त दिवस खाल्ले ते नावानं. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्सकार्डावर आधी आडनाव, मग तिचं, मग वडिलांचं. डिग्रीच्या मार्क्सकार्डावर तिचं नाव आणि पुढे नुसती आद्याक्षरं. आधारवर तिसरंच. आणि पासपोर्टात आडनावाचा रकाना कोरा, तिन्ही नावं 'दिलेलं नाव' या रकान्यात. पासपोर्ट तिच्या मामानं एजंटाकडून काढून घेतला होता, भरणाऱ्यानं कर्नाटकातल्या आद्याक्षराच्या पद्धतीनं भरला असावा. भारतात यानं काही बिघडत नाही. अमेरिकन व्हिसाच्या फॉर्ममध्ये मात्र एकच रकाना भरलेला असेल तर सगळं आडनावात जातं आणि नावाच्या जागी 'एफएनयू' छापलं जातं, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. मग तिथल्या बँकेत, लायसनवर, पगारपत्रकावर तुम्ही अज्ञातच.

इंजिनिअरिंगच्या एका मुलाची ही फजिती मी आधी पाहिली होती, म्हणून एवढ्यापुरतं शहाणपण वेळेवर सुचलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये, पहिला अर्ज भरायच्या आधी, पासपोर्ट नव्यानं काढला. आडनाव आडनावाच्या जागी. मग टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेची नोंदणी, अर्ज, सगळं त्या पासपोर्टाप्रमाणे अक्षर न् अक्षर. जुन्या मार्क्सकार्डांसाठी बाँड पेपरवर नोटरीचं प्रतिज्ञापत्र. जन्मदाखला कन्नडमध्ये, त्याचं इंग्रजी भाषांतर करून शिक्का.

गावाचं नावही आडवं आलं. जुन्या दाखल्यावर जिल्हा 'बेळगाम', नोव्हेंबर २०१४ नंतरच्या प्रत्येक कागदावर 'बेळगावी'. आम्ही मराठीत बेळगाव लिहितो आणि लिहीत राहू, त्यावर कोर्टात काय व्हायचं ते होवो. पण फॉर्ममध्ये पासपोर्टात जे स्पेलिंग असेल तेच. ती म्हणाली, "तिकडं तरी कोण विचारणार नाही न्हवं, नक्की काय ते?"

वसंतातला घोळ

डिसेंबर २०२४ मध्ये सहा अर्ज गेले. टोफेलसाठी ती चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करून बेंगळुरूला गेली होती. घरून देता येते ती परीक्षा, पण जांबोटीच्या विजेच्या भरवशावर कोण देणार. जीआरई ही दुसरी प्रवेशपरीक्षा सहापैकी एकाही विभागाला नको होती. गुणांचं अमेरिकन पद्धतीच्या चारच्या मोजपट्टीत रूपांतर आम्ही केलं नाही, मार्क्सकार्डावर जे आहे तेच भरलं. स्वतः गणित करून टाकणारी मुलं इथे हमखास चुकतात.

फेब्रुवारी २०२५ पासून अमेरिकेत संशोधनाचा सरकारी पैसा आटायला लागला. शेतीच्या रोगांवर काम करणाऱ्या विद्यापीठांना त्याची झळ लवकर बसली, कारण यूएसएड या परदेशांना मदत देणाऱ्या सरकारी संस्थेच्या निधीवर चालणारे प्रकल्पच बंद पडले. आधी उत्साहानं बोललेल्या प्राध्यापकांपैकी एकानं मार्चमध्ये कळवलं, तू मला हवी आहेस पण माझ्याकडे पैसा राहिलेला नाही. दुसऱ्या विद्यापीठाचं एमएसचं प्रवेशपत्र आलं, बिनपैशाचं, आणि त्याबरोबर जागा राखायला डिपॉझिट भरा म्हणून तगादा. वडील डिपॉझिट भरायला तयार झाले होते. मी थांबवलं. मदतीसह आलेल्या प्रस्तावांना उत्तर द्यायला तिथली बहुतेक ग्रॅज्युएट स्कूलं १५ एप्रिलपर्यंत मुदत देतात. त्या तारखेच्या आसपास काही जण नकार कळवतात आणि जागा हलतात.

११ एप्रिलला मिडवेस्टातल्या (अमेरिकेच्या मध्य भागातल्या) एका लँड-ग्रँट विद्यापीठाची ईमेल आली. १८६२च्या कायद्यानं शेती आणि यंत्रविद्या शिकवायला जमिनी देऊन उभी केलेली ही विद्यापीठं. तिच्या विषयाला यांच्याइतकी जवळची जागा नाही. पीएचडी नव्हे, एमएस. पण टीचिंग असिस्टंटशिपसह: आठवड्याला वीस तास पहिल्या वर्षाच्या मुलांची प्रॅक्टिकल घ्यायची, बदल्यात शिकवणी फी माफ आणि महिन्याला भत्ता. यातला फरक मला तेव्हाच नीट उमगला. संशोधनाच्या असिस्टंटशिपचा पैसा प्राध्यापकाच्या अनुदानातून येतो, शिकवण्याचा विभागाच्या खात्यातून. त्या वर्षी पहिला झरा आटला होता, दुसरा वाहत होता. शिकवण्याच्या जागेला टोफेलमध्ये बोलण्याच्या भागाचे वेगळे किमान गुण लागतात, आणि ते तिला होते. सहा महिने आमच्या माडीवर तिनं करपा इंग्रजीत मला समजावून सांगितला होता. मी वनस्पतीशास्त्रात ढ असल्याचा तेवढा उपयोग झाला.

फी माफ म्हणजे सगळं माफ नव्हे. आरोग्यविमा आणि किरकोळ शुल्कं वेगळी, आणि भत्ता नऊ महिन्यांचाच. विद्यापीठानं आय-२० (व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा कागद) द्यायच्या आधी सुमारे ५,००० डॉलरची तफावत भरायला पैसे आहेत हे दाखवायला सांगितलं, बँकेच्या पत्रासह. वडिलांची ठेव होती गावाजवळच्या पतसंस्थेत. ती मोडून बँकेत ठेवली, आणि पतसंस्थेची पावती, भात विकल्याच्या पट्ट्या, जमिनीचा उतारा असा सगळा माग एका फाईलमध्ये लावला. अचानक आलेला पैसा कुठून आला हे विचारतील म्हणून. ४८ लाखांच्या कागदाच्या जागी आता ही फाईल होती. वडिलांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ बघितले.

व्हिसा

आय-२० मेच्या शेवटच्या आठवड्यात आलं आणि २७ मेला अमेरिकेनं विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती देणं थांबवलं. १८ जूनला परत सुरू केलं, सोशल मीडियाची खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवायच्या अटीवर. तिच्या इन्स्टाग्रामवर होतं काय? बुरशीचे फोटो, गणपतीची आरास, आणि सीमाभागातले मराठी लोक १ नोव्हेंबरला पाळतात त्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीतला भावाबरोबरचा एक फोटो. मामा म्हणाला, तो पुसून टाक. मी म्हटलं, काही पुसू नकोस, पुसलेलंच जास्त संशयास्पद दिसतं. तिथल्या साहेबाला सीमाप्रश्न समजावून सांगायची वेळ आली तर बघू.

३५० डॉलर सेव्हिसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे, १८५ व्हिसाचे. जुलैच्या शेवटी मुंबईची तारीख मिळाली. आदल्या दिवशी बोटांचे ठसे, दुसऱ्या दिवशी वांद्रे-कुर्ला संकुलात रांग. मुलाखत तिच्या अंदाजानं दोन मिनिटांची. काय शिकणार, पैसे कोण देतंय, वडील काय करतात. "राईस फार्मर" म्हणाल्यावर अधिकाऱ्यानं विचारलं, आणि तू शिकणार भाताचा रोग? ती हो म्हणाली. एवढंच. काळा दिन कुणी काढला नाही.

जायच्या आधी तिनं एक प्रश्न विचारला ज्याचं उत्तर मला शोधावं लागलं. तिच्या पाच शेतांतल्या बुरशीच्या नळ्या सोबत नेता येतील का? नाही. तिकडे वनस्पतीरोगाचे जिवंत नमुने न्यायला त्यांच्या कृषी खात्याचा परवाना लागतो, इकडून बाहेर न्यायला आपल्या २००२च्या जैवविविधता कायद्याचे नियम आहेत. सुटकेसमध्ये घालून नेल्या असत्या तर सगळं मुसळ केरात. नळ्या कॉलेजच्या फ्रीजमध्ये राहिल्या, वर मराठीत चिठ्ठ्या: 'आप्पांचं शेत', 'ओढ्याकडचं', 'देवळामागचं'.

त्या अधूनमधून नव्या माध्यमावर घ्याव्या लागतात, नाहीतर मरतात. ते काम आता तिच्याच गावचा एक मुलगा करतो, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा. २०२४ची बॅच, म्हणजे डिग्री तीनच वर्षांची, चौथं वर्ष त्याला मिळणार नाही. गेल्या रविवारी तो आला आणि चप्पल काढता काढताच म्हणाला, "सर, मला बी तिच्यागत जायचं हाय." मी त्याला विद्यापीठांची नावं सांगितली नाहीत. एमएस्सी कुठून करणार ते आधी ठरवायला बसलो. कोल्हापूरच्या विद्यापीठात सीमाभागातल्या मुलांसाठी जागा असतात, तिथून सुरुवात केली.